थारची मागची बाकडी

वावरधनी (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या दिवाळीपासून मनात घोळत असलेला एक प्रश्न आज सविस्तर मांडतो. माझे गाव घाटंजी तालुक्यात आहे आणि वावर गावापासून साडेतीन किलोमीटरवर आहे. त्यातला पहिला किलोमीटर डांबरी, पुढे सगळी काळ्या मातीची पांदण आणि मध्ये एक नाला, ज्यावर पूल होणार असल्याचे मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. २०१३ साली मी महिंद्राची थार ही जीपसारखी गाडी घेतली. अडीच लिटरचे डिझेल इंजिन, कापडी टप, पुढे दोन जागा आणि मागे समोरासमोर दोन बाकडी. गाडीला आवाज होता, फटींतून धूळ आत येत असे आणि उन्हाळ्यात त्या टपाखाली बसणे ही शिक्षाच होती. तरीही बारा वर्षांत घरातल्या कोणीही ती विकण्याचा विषय काढला नाही, कारण बाकडी दुमडून उभी केली की मागे खताची सहा-सात पोती बसत, आणि खाली पाडली की वेचणीच्या दिवसांत सहा बाया गुडघ्याला गुडघे लावून बसत व मधल्या जागेत त्यांच्या शिदोऱ्या आणि पाण्याची कॅन राहत असे. संध्याकाळी त्याच जागेत कापसाची गाठोडी कोंबलेली असत आणि पुढे आठवडाभर पायपुसण्यांत सरकी सापडत राहायची.

मागच्या महिन्यात नवी गाडी पाहण्यासाठी शहरातल्या शोरूममध्ये गेलो आणि थार रॉक्स ही थारची नवी, मोठी बहीण पाहिली. विक्रेत्या मुलाने अतिशय अदबीने छतातली काच उघडून दाखवली, पाठीला गार वारा देणारी सीट दाखवली, सव्वादहा इंचांचा पडदा बोटाने सरकवून दाखवला. मी मात्र मागे जाऊन दरवाजा उघडला आणि पोते आडवे बसेल की उभे, हे वितीने मोजू लागलो. त्याने विचारले, "काका, बॅगा किती असतात तुमच्या?" आतल्या सीटा पांढऱ्या होत्या. मी माझ्या चपलांकडे पाहिले आणि आत बसलोच नाही.

१९४७ पासून विलीज जीपची जुळणी करून विकणारी, कमांडर, मार्शल आणि बोलेरो आपल्या गावांत आणणारी ही कंपनी आता आपल्या ओसरीवरून उठून दिवाणखान्यात जाऊन बसली आहे, असे मला वाटते. यात माझी चूक होत असेल तर जाणकारांनी सांगावे. भावनेपेक्षा अनुभव आणि आकडे आले तर बरे.

हिशेबनीस

वावरधनी भाऊ, आकडे मागितले आहेत म्हणून लिहितो. गाडीची किंमत रुपयांत मोजली तर सगळेच महाग दिसते, म्हणून मी ती क्विंटलात मोजतो. खालच्या सर्व किमती शोरूमच्या आहेत, त्यांत रस्ता कर आणि विमा धरलेला नाही, आणि कापसाचा भाव म्हणजे लांब धाग्याचा हमीभाव.

२०१० मध्ये पहिली थार आली तेव्हा तिचे चांगले डिझेल मॉडेल सुमारे ६ लाखांना होते आणि हमीभाव ३,००० रुपये होता, म्हणजे गाडी २०० क्विंटलांची. २०२० च्या ऑक्टोबरात नवी थार ९ लाख ८० हजारांपासून सुरू झाली, भाव ५,८२५ होता, म्हणजे १६८ क्विंटल. २०२४ मध्ये रॉक्स १२ लाख ९९ हजारांपासून आली तेव्हा भाव ७,५२१ होता, म्हणजे १७३ क्विंटल. इथपर्यंत पाहिले तर गाडी कापसाच्या मापात स्वस्तच झाली आहे.

गोम पुढे आहे. २०१० ची ती गाडी आणि २०२० ची सुरुवातीच्या किमतीची गाडी, दोन्ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या होत्या. रॉक्सची १२ लाख ९९ हजारांची गाडी केवळ मागच्या चाकांवर चालते. चारही चाके ओढणारी रॉक्स हवी असेल तर ती डिझेलमध्ये आणि एमएक्स ५ या मॉडेलपासून पुढेच मिळते, आणि तिची आरंभीची किंमत १८ लाख ७९ हजार होती. ती झाली २५० क्विंटलांची. आमच्याकडे कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल पिकला तर लोक पेढे वाटतात. त्या मापाने बेचाळीस एकरांचा एका हंगामाचा सगळा कापूस, आणि त्यात बी, खत, फवारणी, वेचणी काहीही वजा न करता.

शिवाय २०२० ची ती ९ लाख ८० हजारांची गाडी, जिच्या मागे तुमच्यासारखीच समोरासमोर बाकडी होती, काही महिन्यांतच यादीतून नाहीशी झाली.

रॉक्सस्वार

मी हिंगणघाटचा आहे आणि वर्षभरापासून रॉक्स चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे. काका, तुमच्या भावनेचा आदर ठेवून विचारतो, तुमचे वावर साडेतीन किलोमीटरवर आहे, पण वर्षातून तुम्ही नागपूर, पुणे, शिर्डी किती वेळा करता? समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि आमच्या घरातल्या गाडीची गरजच बदलली. त्या रस्त्यावर १२० ची मर्यादा आहे. आमच्या जुन्या बोलेरोत नव्वदच्या वर गेले की आई डोळे मिटून जप करू लागत असे. आज तीच आई मागच्या सीटवर झोपते.

बाजारात जे मागितले जाते तेच कंपनी बनवते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी रॉक्सची नोंदणी उघडली तेव्हा पहिल्या तासात पावणेदोन लाखांच्या वर नोंदण्या झाल्याचे कंपनीने जाहीर केले. त्यांत सगळे मुंबई-पुण्याचेच होते असे मला वाटत नाही, कारण त्यातला एक मी होतो आणि त्या वेळी सोयाबीन काढणीसाठी वावरात उभा होतो. आपल्याच गावांत मुलगी पाहायला जाताना बोलेरो न्यायची लाज वाटू लागली आहे, नवरदेव थारमधून उतरला पाहिजे असा हट्ट धरला जातो. कंपनी ओसरीवरून उठली असेलही, पण तिच्या आधी आपली पोरे उठली.

आणि पांढऱ्या सीटांविषयी सांगायचे तर ओरड झाल्यावर फोर बाय फोर गाड्यांसाठी गडद तपकिरी रंग देण्यात आला. माझी तीच आहे. चिखल लागतो, ओल्या फडक्याने निघतो.

काळीपिवळी

मी एकवीस वर्षे वणी ते मारेगाव आणि पुढे पांढरकवडा अशी काळीपिवळी चालवली. आधी कमांडर होती, नंतर मार्शल. त्यामुळे जुन्या जीपविषयी कोणी गहिवरून बोलू लागले की मला हसू येते. त्या गाडीचे स्टिअरिंग एक वीत मोकळे फिरल्यावर चाकाला निरोप पोहोचत असे. ब्रेक लावण्याचा विचार आधीच्या गावात करावा लागायचा.

परंतु एक गोष्ट होती आणि तीच वावरधनी भाऊंना नेमकी सांगता आली नाही असे मला वाटते. ती गाडी रस्त्यावर मेली तर रस्त्यावरच जिवंत होत असे. एकदा मारेगावच्या अलीकडे रात्री डिझेलची नळी फुटली, गाडीत चौदा माणसे. (किती बसायची परवानगी होती ते कृपया विचारू नका.) एका म्हाताऱ्याजवळ फवारणीच्या पंपाची जुनी नळी होती. ती कापली, दोन्ही टोकांना तार आवळली, हाताने पंप मारून हवा काढली आणि पाऊण तासात निघालो. मिस्त्री नव्हता, मोबाईल नव्हता.

आता माझ्या मुलाजवळ नवी डिझेल गाडी आहे. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा आहे की आमच्या वापराचा हे मला अजून ठरवता आलेले नाही. बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून धुरातली काजळी अडवणारी जाळी बसवलेली असते. ती जाळी भरली की काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन बराच वेळ सलग आणि गरम चालावे लागते. आमची गाडी दिवसभर गाव ते वावर, वावर ते दूध डेअरी अशी तीन-तीन किलोमीटर फिरते. पिवळा दिवा लागला, मुलाने आठ दिवस दुर्लक्ष केले, मग गाडीचा जोरच गेला. गावच्या मिस्त्रीने बॉनेट उघडले, पाहिले आणि हात न लावता पुन्हा बंद केले. त्याने हात न लावणे मला फार लागले. याच माणसाने माझे मार्शलचे इंजिन आंब्याच्या फांदीला साखळी बांधून उतरवले होते.

शेवटी एका सेवा केंद्रातून सल्ला मिळाला की आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास फिरवून आणत जा. आता आमची गाडी दर रविवारी काही काम नसताना फेरफटका मारून येते, जसे साहेबांचे कुत्रे.

वावरधनी

काळीपिवळी काका, नळीची गोष्ट घरात मोठ्याने वाचून दाखवली. हिशेबनीस, तुमचा मुद्दा पटला, आणि माझी तक्रार जरा सुधारून मांडतो. गाडी महाग झाली हे माझे दुखणे नाही. मला हवी असलेली वस्तू, म्हणजे चारही चाकांचा जोर, ही मला नको असलेल्या वस्तूंच्या गाठोड्यात बांधून विकली जाते, हे दुखणे आहे. पांदणीत चालणारी रॉक्स घ्यायची तर छतातली काच घ्यावीच लागते. कृषी केंद्रात युरियाच्या पोत्यासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारतात, तसे आहे हे.

पळसफूल

मी गडचिरोली जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात काम करते. गाड्यांतले मला फारसे कळत नाही, पण गाड्यांतून येणारी माणसे रोज पाहते, म्हणून बाकड्यांविषयी लिहिते.

आडव्या बाकड्यावर बसलेल्या माणसाचे शरीर गाडीच्या दिशेला काटकोनात असते. गाडी अचानक थांबली तर तो पुढे न जाता आडवा सरकतो, मान आणि खांदा शेजारच्यावर किंवा लोखंडी दांड्यावर आदळतात, आणि गाडी झटक्याने पुढे निघाली की सगळ्यांत शेवटी बसलेला मागच्या झडपेकडे ढकलला जातो. तिथे पट्टा नसतो. कापडी टप गाडी उलटली तर कोणालाही आत धरून ठेवत नाही. पावसाळ्यानंतर कामे सुरू झाली की मजूर घेऊन जाणाऱ्या गाड्यांचे असे रुग्ण आमच्याकडे येतात आणि त्यांत बहुतेक बाया असतात, कारण पुढची जागा पुरुषाची असते.

ती बाकडी यादीतून गेली, ते श्रीमंतांना खूष करण्यासाठी नव्हे, असे मला वाटते. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे मिळाले, रॉक्सला २०२४ मध्ये भारत एनकॅपचे पाच मिळाले. हे तारे पुढे तोंड करून, पट्टा लावून बसणाऱ्यांसाठी असतात. वावरधनी दादा, रागावू नका, पण तुमच्या लेखातल्या त्या सहा बायांच्या जागी स्वतःच्या मुलीला बसवून साडेतीन किलोमीटर न्याल का?

मात्र हेही लिहिते की भामरागडला पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर आले की पाच ताऱ्यांची काय आणि बिनताऱ्याची काय, कोणतीच गाडी पलीकडे जात नाही. तेव्हा नावच लागते.

वावरधनी

पळसफूल ताई, रागावण्याचा प्रश्नच नाही. तुमच्या प्रश्नानंतर दोन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण मूळ लेखात मी एक गोष्ट वगळली होती. २०१७ च्या वेचणीत नाल्यातून वर चढताना गाडी डावीकडे कलली आणि बाकड्याच्या टोकाला बसलेली बाई मागच्या झडपेवरून खाली पडली. खांद्याचे हाड मोडले. उपचारांचा खर्च मी केला, पण त्यानंतरच्या दोन हंगामांत तिला वेचणी करता आली नाही. गाडी मीच चालवत होतो आणि जोरात नव्हतो. त्यानंतर आजपर्यंत मी बायांना मागे बसवले नाही. त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येतात, आणि ते अधिक सुरक्षित आहे असेही म्हणवत नाही.

तेव्हा बाकडी परत द्या, असे मी यापुढे म्हणणार नाही. मला मागे मोकळी, धुता येईल अशी जागा हवी आणि माणसांसाठी पट्ट्याच्या जागा हव्यात.

जुनेलोखंड

चर्चा सुरक्षिततेकडे गेली ते योग्यच झाले, पण मूळ प्रश्न असा होता की वावरासाठी जन्मलेली गाडी बनवणारी कंपनी वर सरकते तेव्हा मागे राहिलेल्यांचे काय होते. याचे एक पूर्ण घडून गेलेले उदाहरण आहे आणि योगायोगाने त्याची मालकी आज भारतात आहे.

लँड रोव्हर. दुसऱ्या महायुद्धानंतर रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या अँगलसी बेटावरच्या शेतावर सैन्याची जुनी विलीज जीप वापरत होते, म्हणजे थारची आणि त्या गाडीची आजी एकच. ब्रिटनमध्ये तेव्हा पोलाद मोजून मिळत होते, म्हणून अंग ॲल्युमिनियमचे केले. एका सुरुवातीच्या नमुन्यात तर स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखे मधोमध होते. १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली, आणि इंजिनाच्या जोरावर शेतातली यंत्रे फिरवण्याची सोयही तिला जोडता येत असे. नांगराला जोडता येणारी मोटार, हीच तिची ओळख.

१९७० मध्ये रेंज रोव्हर आली. आज ऐकून आश्चर्य वाटेल, पण पहिल्या रेंज रोव्हरच्या सीटा प्लास्टिकसारख्या कापडाच्या आणि तळ रबरी होता, पाण्याने धुता यावा म्हणून. म्हणजे वावरधनी आज जे मागत आहेत ते त्या गाडीत होते. गालिचा, लाकडी फळी, चामडे हे सगळे हळूहळू, ग्राहकांच्या मागणीवरून आत आले. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही फोर्डकडून २३० कोटी डॉलरला घेतले. जुन्या वळणाची डिफेंडर २९ जानेवारी २०१६ रोजी सॉलिहलच्या कारखान्यातून शेवटची बाहेर पडली. नवी डिफेंडर स्लोव्हाकियातल्या नित्रा येथे बनते आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ती भारतात आली तेव्हा किंमत ७३ लाख ९८ हजारांपासून सुरू होत होती. तिकडचे शेतकरी मधल्या काळात जपानी पिकअपकडे वळले होते. जुन्या डिफेंडरची उणीव भासणाऱ्यांसाठी जिम रॅटक्लिफ यांच्या कंपनीने ग्रेनेडियर नावाची तशीच दणकट गाडी काढली, पण तीही शेतकऱ्याच्या खिशाची नाही.

यावरून महिंद्राचेही असेच होईल, असा निष्कर्ष मी काढत नाही. लँड रोव्हरजवळ खालच्या पायरीवर दुसरे काही उरले नव्हते. इथे २००० साली आलेली बोलेरो अजून विक्रीत आहे, आणि आपल्या हिंगण्याच्या कारखान्यातून ट्रॅक्टर बाहेर पडत आहेत. खालची पायरी कंपनीने सोडलेली नाही. तिच्यावरून थार मात्र उचलली आहे.

रॉक्सस्वार

जुनेलोखंड यांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत. वरची गाडी नफा कमावते म्हणूनच खालची गाडी जुन्या किमतीच्या आसपास टिकते, हेही लक्षात घ्यावे.

हिशेबनीस

हे वाक्य प्रत्येक कंपनीचा प्रत्येक अधिकारी म्हणतो, त्यामुळे मी ते बाजूला ठेवतो. मला दुसऱ्या एका हाताकडे लक्ष वेधायचे आहे, तो म्हणजे सरकारचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतली आणि डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंतची, पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंतची गाडी १८ टक्क्यांत बसते; त्यापुढच्या ४० टक्क्यांत. बोलेरोचे इंजिन १,४९३ सीसीचे आणि लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे, म्हणजे पाच मिलिमीटरने आत. दीड लिटरची थारही आत आहे, पण ती फक्त मागच्या चाकांवर चालते. फोर बाय फोर थारचे डिझेल इंजिन २.२ लिटरचे, म्हणून ती ४० मध्ये. मारुती जिम्नी चार मीटरच्या आत, पण पेट्रोल इंजिन दीड लिटरचे, म्हणून तीही ४० मध्ये. फोर्स गुरखा २.६ लिटरची, ती तर अर्थातच.

४० टक्क्यांच्या रांगेत कोण उभे आहे ते पाहा, तिथे पान मसाला आणि आलिशान मोटारी आहेत. म्हणजे पांदणीत न फसण्याची क्षमता ही सरकारच्या लेखी चैन आहे. पूर्वी हा बोजा उपकरासह ४५ ते ५० टक्के होता, म्हणून आताचा दर कमी वाटतो इतकेच. एवढा कर भरणारा माणूस मग म्हणतोच, की छतात काचही द्या.

चाकोरी

इतका वेळ वाचत होतो. मी ताडोब्याच्या बफर भागातल्या गावचा आहे आणि काही वर्षे सफारीची गाडी चालवली आहे. (आमच्याकडे पर्यटक कोणत्याही उघड्या गाडीला जिप्सीच म्हणतात, मग ती कोणाचीही असो.)

या चर्चेत सगळे किमतीवर बोलले, मातीवर कोणी बोलले नाही. आपली काळी माती मुरमासारखी चाकाखाली दबत नाही, ती चाकाला लिपते. चार फेऱ्यांत टायरच्या खाचा भरतात आणि चाक पोळपाटावरच्या लाटण्यासारखे गुळगुळीत होते. मग मागची दोन चाके फिरोत की चारही, गाडी जागेवरच आपली कबर खोदते. रस्त्यासाठी बनवलेल्या टायरवर उभी असलेली १८ लाखांची फोर बाय फोर मी ट्रॅक्टरने ओढून काढली आहे, आणि तिच्यामागून रुंद खाचांचे टायर घातलेली जुनी मारुती जिप्सी बाजूच्या धुऱ्याला धरून निघून गेलेली पाहिली आहे.

वजनाचा भाग मोठा आहे. जिप्सी टनाच्या आसपास होती, जिम्नी बाराशे किलोची, तर फोर बाय फोर थार पावणेदोन टनांच्या घरात. सुरक्षिततेसाठी पोलाद वाढले, सोयींसाठी काच आणि मोटारी वाढल्या, मग ते वजन हलवायला मोठे इंजिन आले, मोठ्या इंजिनामुळे कर वाढला. पळसफूल ताईंचे पटते म्हणून पोलादाविषयी तक्रार नाही. परंतु वर सरकलेली गाडी आपल्या मातीत खाली सरकते.

वावरधनी, तुमच्या जुन्या गाडीला कोणते टायर आहेत? बहुतेकांचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. उरलेला अर्धा पांदणीवर मुरूम पडला की मिटतो. २०२१ मध्ये राज्य सरकारने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली होती. ग्रामपंचायतीत चौकशी करा. आमच्या दोन पांदणींवर खडी पडली आणि तिथे आता पोरे स्कुटी घेऊन वावरात जातात.

सेमाडोह

मी मेळघाटात कंत्राटी कामे करतो, त्यामुळे गाडी ही माझ्यासाठी अवजार आहे. शोरूमच्या ज्या दालनात तुम्हाला नेले ते दालनच चुकले, असे मला वाटते. ज्या वस्तूचे तुम्ही वर्णन करत आहात ती वस्तू याच कंपनीच्या मालवाहू गाड्यांच्या यादीत आहे. बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर. पुढे दोन ओळींत पाच माणसे, सगळी पुढे तोंड करून. मागे लोखंडी हौदा, जो पाइपने धुता येतो. सुमारे एक टन माल. छतात काच नाही. छतात काहीच नाही.

उणिवाही सांगतो. मागे पाट्याच्या स्प्रिंगा आहेत, त्यामुळे रिकामी गाडी खड्ड्यातून जाताना मागच्या माणसाचे डोके छताला भेटते. मालवाहू म्हणून नोंद होते, पिवळी पाटी येते, दर ठरलेल्या मुदतीने फिटनेस करावी लागते. समृद्धीवर तिच्यात बसून शिर्डीला जायचे असेल तर साईबाबांचे स्मरण घरापासूनच सुरू करावे. परंतु हिशेबनीस यांना आवडेल अशी एक गोष्ट आहे, मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला आहे.

कॅम्पर घेऊन मुलगी पाहायला जाता येते का, हे रॉक्सस्वार सांगतील.

रॉक्सस्वार

जाता येते, मात्र मुलीच्या वडिलांना खत उतरवून घ्यायचे असेल तरच.

काळीपिवळी

माझ्या लग्नात नवरीची वरात कमांडरमधून निघाली होती आणि मागे हौद्यात बँडवाले बसले होते. कोणाचीही इज्जत गेली नाही.

पळसफूल

हौद्यात माणसे बसवू नका, एवढेच पुन्हा लिहिते.

वावरधनी

सर्वांचे आभार. काल रात्री सून आणि मुलासोबत हा सगळा धागा वाचला आणि घरात जोराचा वाद झाला. सुनेचे म्हणणे असे की ती शाळेत शिकवायला रोज बावीस किलोमीटर जाते आणि तिला पाच ताऱ्यांची गाडी हवी. ती चूक म्हणता येत नाही. मुलाला रॉक्स हवी, कारणे तो सांगत नाही आणि मला विचारायची गरज नाही. मला हौदा हवा. एका गाडीत या तिन्ही गोष्टी बसत नाहीत, आणि २०१३ मध्ये त्या एकाच गाडीत बसल्यासारख्या वाटत होत्या, कारण तेव्हा सून नव्हती, समृद्धी नव्हता आणि नाल्यातला तो प्रसंग घडायचा होता.

तूर्त असे ठरले आहे की थार विकायची नाही. तिची नोंदणी २०२८ पर्यंत आहे, पुढे फिटनेस करून पाच वर्षे वाढवता येईल. मागची दोन्ही बाकडी काढून तिथे पत्रा बसवणार आहे, म्हणजे कोणी बसतो म्हटले तरी बसता येणार नाही. मिस्त्रीकडे विचारले तर तो म्हणाला, बाकडी भंगारात देऊ नका, मी गॅरेजसमोर ठेवतो, गिऱ्हाईक बसेल. सुनेसाठी लहान पण चांगल्या ताऱ्यांची गाडी पाहू. मुलाचे हिशेबनीस यांच्या २५० क्विंटलांपाशी अडले आहे.

चाकोरी भाऊ, टायर पाहिले, साधे रस्त्याचेच आहेत आणि तेही पाच वर्षांपूर्वीचे. सोळा इंची रिमला कोणत्या मापाचे रुंद खाचांचे टायर बसतील आणि पावसाळ्यात हवा किती ठेवावी, तेवढे कळवा. मृगाच्या आत घालून घेतो.